गवताचा सुगंध घडवणारे पर्किन

लंडनच्या वायव्येकडील हॅरो, सडबरी, ग्रीनफर्ड ही नावे येथील मराठी माणसांच्या नित्य परिचयाची आहेत. विल्यम हेन्री पर्किन या रसायनशास्त्रज्ञाची कर्मभूमी हाच परिसर होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

पर्किन यांचा जन्म १२ मार्च १८३८ रोजी पूर्व लंडनमध्ये एका बांधकाम व्यावसायिकाच्या घरी झाला. पंधराव्या वर्षी ते रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीत ऑगस्ट हॉफमन यांचे विद्यार्थी झाले. हिवतापावरील क्विनीन त्या काळी केवळ सिंकोनाच्या सालीपासून मिळे. १८५६ च्या ईस्टरच्या सुटीत घरच्या छोट्या प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या बनवण्याचा प्रयत्न पर्किन यांनी केला. क्विनीन साधले नाही; हाती आला तो जांभळा रंग, मॉव्ह. तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा होते.

येथेच त्यांच्यापुढे पेच उभा राहिला. महाविद्यालय सोडून कारखाना काढणे गुरूंना मान्य नव्हते. उद्योगात शिरलेला तरुण संशोधनाला कायमचा मुकेल, ही भीती पर्किन यांनाही होती. तरीही वडिलांनी आपली पुंजी पणाला लावली, थोरले बंधू थॉमस सोबतीला आले आणि १८५७ मध्ये ग्रीनफर्डला कालव्याकाठी कारखाना उभा राहिला.

ती भीती खोटी ठरली. कारखान्याचा व्याप सांभाळून त्यांनी प्रयोग चालूच ठेवले आणि १८६८ मध्ये कूमारिन प्रयोगशाळेत तयार केले. टोंका बियांत आणि काही गवतांत आढळणारा हा पदार्थ. ताज्या गवतात तो शर्करेशी बांधलेल्या रूपात दडलेला असतो. गवत कापून वाळू लागले की तो मोकळा होतो आणि शेतावर तो गोडसर गंध दरवळतो. ज्या अभिक्रियेने पर्किन यांनी तो घडवला, ती आजही त्यांच्याच नावाने शिकवली जाते.

१८८२ मध्ये पॅरिसच्या हुबिगाँ या पेढीसाठी पॉल पार्के यांनी 'फूजेर रॉयाल' हे अत्तर सिद्ध केले, त्यात कृत्रिम कूमारिन होते. पुरुषांसाठीच्या सुगंधांचे एक मोठे घराणे त्यातूनच वाढले. दाढीनंतर लावायच्या लोशनमध्ये लव्हेंडरमागून येणारा वाळल्या गवताचा ऊबदार गंध हा त्याच परंपरेचा वारसा होय.

पर्किन यांनी १८७४ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, भरभराटीतला कारखाना विकला आणि उरलेले आयुष्य संशोधनाला वाहिले. त्यांचे तिन्ही पुत्र रसायनशास्त्रज्ञ झाले. १९०६ मध्ये, मॉव्हच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, त्यांना 'सर' हा किताब मिळाला. १४ जुलै १९०७ रोजी त्यांचे निधन झाले.

नोकरी की संशोधन, व्यवसाय की विद्या, हा प्रश्न परदेशात स्थिरावलेल्या आपल्यापैकी अनेकांना कधी ना कधी छळतो. पर्किन यांनी व्यवसाय पत्करला, पण विद्येची साथ कधी सोडली नाही. कूमारिनचा जन्म झाला तो त्यांच्या कारखानदारीच्या ऐन धामधुमीत, हे म्हणूनच लक्षात ठेवण्यासारखे आहे.