शेते मोजणारा सेनापती

पोर्तुगीज अंमल कसा असतो, हे गोव्यामुळे आपल्याला ठाऊक आहे. डिसेंबर १९६१ मध्ये तो गोव्यातून गेला. आफ्रिकेतून तो जायला मात्र आणखी तेरा-चौदा वर्षे आणि तीन देशांतली युद्धे लागली. त्या युद्धांतले एक ज्यांनी लढवले, ते अमिलकार काब्राल पेशाने शेतकीतज्ज्ञ होते.

पश्चिम आफ्रिकेतल्या पोर्तुगीज गिनीत, बाफाता गावी १२ सप्टेंबर १९२४ रोजी त्यांचा जन्म झाला. आईवडील मूळचे केप व्हर्दे बेटांवरचे. वडील शिक्षक, आई शिवणकाम करून संसाराला हातभार लावी. पुढे कुटुंब बेटांवर परतले. १९४०च्या दशकात तिथे पावसाने पाठ फिरवली. हजारो माणसे अन्नावाचून मेली आणि लिस्बनचे सरकार स्वस्थ बसले. १९४५ साली शिष्यवृत्तीवर लिस्बनला गेलेल्या काब्राल यांनी शेतकीचा अभ्यासक्रम निवडला, यात नवल नाही.

१९५२ साली ते सरकारी नोकरीत गिनीला आले. पुढच्या वर्षी त्यांच्याकडे देशाच्या शेतीच्या गणनेचे काम आले. गावोगाव फिरून कोण किती भात लावतो, भुईमूग किती, याच्या नोंदी त्यांनी केल्या. भुईमूग पिकवायचा शेतकऱ्याने आणि भाव ठरवायचा व्यापारी कंपन्यांनी, हा व्यवहार त्यांनी जवळून पाहिला. सरकारला हवे होते आकडे. काब्राल यांना त्या आकड्यांमागची माणसे कळली.

१९५६ साली बिसाऊत त्यांनी सहकाऱ्यांसह गिनी आणि केप व्हर्देच्या स्वातंत्र्यासाठी पक्ष स्थापला. ३ ऑगस्ट १९५९ रोजी बिसाऊच्या पिजिगिती धक्क्यावर संपकरी गोदी कामगारांवर गोळीबार होऊन सुमारे पन्नास जण ठार झाले. शहरात लढा टिकणार नाही, हे ओळखून पक्षाने खेड्यांची वाट धरली. ती खेडी काब्राल यांच्या पायाखालची होती. १९६१ साली कासाब्लांका येथे पोर्तुगीज वसाहतींतल्या चळवळी एकत्र आल्या, तेव्हा काब्राल यांच्या पक्षाबरोबर गोव्याच्या संघटनाही होत्या.

१९६३ च्या जानेवारीत युद्ध पेटले. वर्षभरात काही कमांडर स्वतःच गावकऱ्यांवर जुलूम करू लागले. फेब्रुवारी १९६४ मध्ये कासाकाच्या बैठकीत काब्राल यांनी आपल्याच माणसांना जाब विचारला. मुक्त भागांत शाळा, दवाखाने आणि लोकांची दुकाने निघाली. आपले भांडण वसाहतवादी राजवटीशी आहे, पोर्तुगीज माणसाशी नाही, हे त्यांनी सैनिकांना पुनःपुन्हा बजावले. १९६८ साली काही पोर्तुगीज युद्धकैदी सेनेगलच्या रेड क्रॉसकडे सोपवण्यात आले.

पण एक भेग बुजली नाही. पोर्तुगीजांनी केप व्हर्देच्या शिकलेल्या माणसांना गिनीत कारकून आणि अधिकारी म्हणून आणले होते. गिनीच्या लोकांच्या मनात त्याची सल होती आणि परकी सत्ता ती जोपाशीत होती. २० जानेवारी १९७३ च्या रात्री कोनाक्रीत एका समारंभातून पत्नीसह घरी परतताना काब्राल यांना गोळ्या घालण्यात आल्या. मारेकरी पक्षातलेच होते. वय अवघे अठ्ठेचाळीस.

आठ महिन्यांनी, २४ सप्टेंबर १९७३ रोजी, गिनी-बिसाऊने स्वातंत्र्य जाहीर केले. एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनमध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी हुकूमशाही उलथवली. त्यांतले अनेक जण गिनीच्या दलदलीतून युद्ध पाहून आले होते. १९७५ साली मोझांबिक, केप व्हर्दे आणि अंगोलाही स्वतंत्र झाले. वसाहतींच्या लढ्याने खुद्द पोर्तुगालही मोकळा झाला.

काब्राल यांचे बंधू लुईश गिनी-बिसाऊचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. १९८० साली बंड होऊन त्यांची सत्ता गेली आणि दोन्ही देशांच्या ऐक्याचे स्वप्नही विरले. मातीचा कस ओळखणाऱ्या या माणसाला मनांची ही दरी सांधता आली नाही. मात्र त्यांची समाधी बिसाऊत आहे आणि केप व्हर्देच्या साल बेटावरच्या विमानतळाला त्यांचे नाव आहे. देश दोन झाले, तरी काब्राल दोघांचेही राहिले.