राजकुमारी अमृत कौर : एम्सच्या रांगेत उभे राहताना

आपल्या मंडळातील तरुण मंडळी मला एम्सवाले काका म्हणतात. मी डॉक्टर नाही, कंपाउंडरही नाही. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात हिशेबाचे कागद तपासण्यात माझी सारी नोकरी गेली. पण वर्ध्याहून, नांदेडहून, साताऱ्याहून कोणी पेशंट घेऊन दिल्लीला निघाले की कोणीतरी त्यांना माझा नंबर देते. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. एम्समध्ये कोणाची ओळख आहे का?

हा प्रश्न मीही एके काळी विचारत फिरलो आहे. माझ्या मामेबहिणीला हृदयाच्या झडपेच्या दुखण्यासाठी इकडे आणले होते. शिफारसचिठ्ठी मिळवण्यासाठी मी दोन दिवस वणवण केली. कार्यालयातल्या साहेबांपासून खासदारांच्या बंगल्यापर्यंत सगळी दारे ठोठावली. शेवटी आमच्याच कॉलनीत राहणाऱ्या एका मराठी नर्सबाईंनी मला चांगले खडसावले. चिठ्ठीचा नाद सोडा, पहाटे जाऊन रांगेत उभे राहा, असे त्या म्हणाल्या. मी उभा राहिलो, नंबर लागला, उपचार झाले, बहीण बरी होऊन गावी गेली. पुढे गप्पांच्या ओघात बाईंनी सांगितले की त्या दिल्लीच्या राजकुमारी अमृत कौर कॉलेज ऑफ नर्सिंगमध्ये शिकल्या आणि सुट्टीत सिमल्याला राजकुमारींच्या स्वतःच्या घरात राहूनही आल्या. ही राजकुमारी कोण, ते मला तेव्हा नीट ठाऊक नव्हते. ज्या दारात मी चिठ्ठी शोधत होतो ते दार कोणी बांधले हे माहीत नसावे, याची लाज वाटली. त्यानंतर त्यांच्याविषयी जे मिळेल ते वाचत गेलो. ते आज आपल्या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवतो.

अमृत कौर यांचा जन्म २ फेब्रुवारी १८८७ रोजी लखनौचा. वडील राजा हरनाम सिंग हे कपूरथळ्याच्या राजघराण्यातले. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. आई प्रिसिला गोलकनाथ बंगाली ख्रिस्ती कुटुंबातली. भावांच्या गराड्यात ही एकुलती एक मुलगी. शिक्षण इंग्लंडमधल्या शेरबोर्नच्या मुलींच्या शाळेत झाले. टेनिस उत्तम खेळत. अशा घरातली मुलगी पुढे मेजवान्या आणि सिमल्याचे उन्हाळे यांतच रमायची. पण त्यांच्या घरी एका मराठी माणसाचे येणेजाणे होते. ते म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले. राजा हरनाम सिंग यांचे ते स्नेही. देशाच्या कामाची ओढ या मुलीला लागली ती गोखल्यांमुळे, आणि गांधीजींचे नाव प्रथम मनात ठसले तेही त्यांच्याचमुळे. १९१५ साली गोखले गेले. १९१९ साली जालियनवाला बाग घडली आणि राजकुमारींचा कल पक्का झाला.

तरी घर लगेच सोडता आले नाही. वडील वृद्ध झालेले, आणि मुलीने आश्रमात जाणे त्यांना रुचणारे नव्हते. त्या काळात त्यांनी स्त्रियांच्या प्रश्नांचे काम हाती घेतले. १९२७ च्या जानेवारीत पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. या संस्थेच्या संस्थापकांत त्यांचे नाव घेतले जाते, आणि पुढे त्या तिच्या अध्यक्षाही झाल्या. बालविवाह आणि पडदा यांविरुद्ध त्या सतत बोलत राहिल्या. १९३० साली वडील वारले आणि १९३४ च्या सुमारास राजकुमारी वर्ध्याला गांधीजींजवळ आल्या.

ज्यांनी वर्ध्याचा मे महिना पाहिला आहे त्यांना या बदलाची कल्पना येईल. सिमल्याच्या मॅनॉरव्हिल या बंगल्यातली बाई सेवाग्रामच्या कुडाच्या भिंतींत राहू लागली. गांधीजींच्या सचिव म्हणून त्यांनी अनेक वर्षे काम केले. गांधीजींनी त्यांना लिहिलेली शेकडो पत्रे आहेत आणि त्यांत थट्टामस्करी भरपूर आहे. पण सेवाग्राम म्हणजे केवळ सूत आणि प्रार्थना नव्हे. तिथे हिवताप होता. खुद्द गांधीजींनाही तो झाला होता. तिथे परचुरे शास्त्री नावाचे संस्कृतचे पंडित कुष्ठरोगाने गांजलेले येऊन राहिले आणि गांधीजी स्वतः त्यांची शुश्रूषा करीत. खेड्यातले आजारपण कसे असते, हे पुढच्या आरोग्यमंत्र्यांनी फायलीत पाहण्याआधी विदर्भातल्या एका गावात पाहिले होते. १९३७ साली सरहद्द प्रांतात आणि १९४२ च्या चळवळीत त्यांना तुरुंगवासही घडला.

१९४६ साली घटना समितीवर त्या निवडून आल्या त्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून. म्हणजे त्या वेळी त्या एका अर्थी आपल्या नागपूरकरांच्याच प्रतिनिधी होत्या. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पहिल्या मंत्रिमंडळात त्या आरोग्यमंत्री झाल्या. कॅबिनेटमध्ये त्या एकट्याच स्त्री होत्या.

हाती काय आले होते, ते पाहण्यासारखे आहे. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली अहवाल दिला होता. त्यात ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० लोकांमागे एक नर्स असा हिशेब होता. सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे. हिवतापाचे रुग्ण वर्षाला साडेसात कोटी आणि त्यात मृत्यू आठ लाख, असा अंदाज होता. शिवाय फाळणीचे लाखो निर्वासित छावण्यांत पडलेले.

इथे त्यांच्या आयुष्यातली खरी कसोटी आली, असे मला वाटते. गांधीजींचा लस टोचण्याला विरोध होता. निसर्गोपचारावर त्यांचा विश्वास होता. त्यांच्याजवळ इतकी वर्षे राहिलेली व्यक्ती आता साऱ्या देशाच्या आरोग्याची जबाबदार होती. राजकुमारींनी गुरूची खादी, साधेपणा आणि सेवा आयुष्यभर सोडली नाही. पण लशीच्या बाबतीत त्या गुरूच्या मागे गेल्या नाहीत. १९४८ साली मद्रासजवळ गिंडी येथे क्षयरोगाच्या बी.सी.जी. लशीची प्रयोगशाळा सुरू झाली आणि १९५१ पासून देशभर मुलांना लस टोचण्याची मोहीम निघाली. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि घराघरांत डी.डी.टी.ची फवारणी होऊ लागली. नुसती परदेशातून औषधे आणून भागणार नव्हते, ती इथे तयार व्हायला हवी होती. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने त्याच सुमारास दिल्लीत डी.डी.टी.चा आणि पुण्याजवळ पिंपरीला पेनिसिलीनचा सरकारी कारखाना उभा राहिला. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये ज्यांचे वडील वा काका नोकरीला होते, अशी दोन-तीन कुटुंबे तर आपल्या मंडळातच आहेत.

बी.सी.जी.ला विरोध झाला तो आपल्याच माणसांकडून. १९५५ साली राजाजींनी या लशीविरुद्ध पुस्तिकाच काढली. राजाजी म्हणजे गांधीजींचे व्याही आणि देशाचे माजी गव्हर्नर जनरल. लशीचा गुण सिद्ध झालेला नाही आणि सरकारने ती मुलांवर लादू नये, असे त्यांचे म्हणणे होते. राजकुमारींनी मोहीम थांबवली नाही. आज मागे वळून पाहिले तर दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते असे दिसते. चेंगलपट्टू भागात १९६८ पासून झालेल्या मोठ्या चाचणीत मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयाला ही लस आवर घालत नाही असे आढळले. पण लहान मुलांना होणाऱ्या मेंदूच्या आवरणाच्या क्षयासारख्या जीवघेण्या प्रकारांपासून ती वाचवते. म्हणूनच आजही आपल्याकडे बाळ जन्मले की बी.सी.जी. टोचतात. हिवतापाचेही तसेच. फवारणीने तो झपाट्याने हटला, पण पुढे ढिलाई झाली आणि १९७६ साली त्याचे रुग्ण पुन्हा ६४ लाखांवर गेले.

एका बाबतीत मात्र राजकुमारी चुकल्या आणि ते लिहिल्यावाचून हे चरित्र पुरे होणार नाही. संततिनियमनाच्या साधनांना गांधीजींचा विरोध होता आणि इथे राजकुमारींनी गुरूचे मत प्रमाण मानले. पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजनासाठी ६५ लाख रुपये ठेवले गेले. असा सरकारी कार्यक्रम घेणारा भारत जगातला पहिला देश होता. पण मंत्रालयाचा सारा भर राहिला तो दिवस मोजून संयम पाळण्याच्या पद्धतीवर. त्यासाठी बायकांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या गेल्या. म्हैसूर राज्यातल्या रामनगरम् येथे आणि इथे दिल्लीत आपल्या लोदी कॉलनीत हा प्रयोग झाला. तो फसला. मुंबईत र. धों. कर्व्यांनी १९२१ सालीच संततिनियमनाचे केंद्र उघडले होते, आणि त्यापायी उपेक्षा सोसत ते १९५३ साली गेले. लशीच्या बाबतीत जी बाई पुरावा पाहून पुढे गेली, तीच इथे श्रद्धेपाशी थांबली. त्याची किंमत अनेक घरांतल्या बायकांनी मोजली.

आता एम्सविषयी. देशात वैद्यकीय शिक्षकच तयार करणारी एक मध्यवर्ती संस्था हवी, अशी शिफारस भोर समितीने केली होती. सरकारजवळ पैसा नव्हता. कोलंबो योजनेतून न्यूझीलंडने दहा लाख पौंड दिले आणि १९५२ साली पायाभरणी झाली. इतर देशांकडूनही राजकुमारींनी मदत मिळवली. १९५० साली त्या जागतिक आरोग्य परिषदेच्या अध्यक्षा झाल्या होत्या. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्या ओळखीचा उपयोग त्यांनी असा करून घेतला.

फेब्रुवारी १९५६ मध्ये त्यांनी लोकसभेत एम्सचे विधेयक मांडले आणि त्याच वर्षी कायदा झाला. माझ्यासारख्या हिशेबनिसाला इमारतीपेक्षा त्या विधेयकामागचा विचार मोठा वाटतो. संस्था स्वायत्त असावी, मंत्रालयाचे एक खाते होऊ नये. शिक्षक-डॉक्टरांनी पूर्णवेळ इथेच काम करावे, खाजगी प्रॅक्टिस करू नये. शिक्षक आणि विद्यार्थी एकाच आवारात राहावेत. आणि प्रवेश गुणवत्तेवर व्हावा. मंत्र्यानेच मंत्र्याचा हात आखडता राहील अशी सोय करायची, हे आपल्याकडे फार वेळा घडलेले नाही. संस्थेचे पहिले संचालक झाले ते आपले डॉ. भालचंद्र बाबाजी दीक्षित. एम्सचे ग्रंथालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

१९५७ साली मंत्रिपद गेले. राजकुमारी राज्यसभेत राहिल्या आणि एम्स व क्षयरोग संघटना यांचे अध्यक्षपद अखेरपर्यंत सांभाळत राहिल्या. सिमल्याचा मॅनॉरव्हिल बंगला त्यांनी आणि त्यांच्या भावाने एम्सला देऊन टाकला, तोही नर्सेस आणि इतर कर्मचाऱ्यांना सुट्टीत विश्रांती मिळावी म्हणून. जिथे गांधीजी उतरत, जिथे १९४२ च्या चळवळीनंतर त्या स्वतः स्थानबद्ध होत्या, ते हे घर. आमच्या कॉलनीतल्या नर्सबाई ज्या खोलीत झोपून आल्या ती याच घरातली. ६ फेब्रुवारी १९६४ रोजी राजकुमारी दिल्लीत वारल्या. त्यांनी लग्न केले नव्हते.

हे सारे कळल्यावर मी चिठ्ठी मागणे सोडले आणि मिळवून देणेही सोडले. गावाकडच्या माणसांना ते आवडत नाही. दिल्लीत इतकी वर्षे राहून एवढेही करता येत नाही का, असे ऐकून घ्यावे लागते. पण माझ्या पेशंटला चिठ्ठीने पुढे ढकलले तर मागे कोणीतरी ढकलला जातो, आणि तोही बिहारमधून किंवा ओरिसातून आपल्या माणसाला पाठीवर घेऊन आलेला असतो. मी काय करू शकतो, तर पेशंटसोबत पहाटे जाऊ शकतो. हिंदीतला फॉर्म भरून देऊ शकतो, जुने कागद तारखेप्रमाणे लावून देऊ शकतो, नातेवाईक चहा घेऊन येईपर्यंत रांगेतली जागा धरू शकतो, आणि डॉक्टर काय म्हणाले ते मराठीत समजावून सांगू शकतो. घाबरलेल्या माणसाला या गोष्टी ओळखीपेक्षा जास्त उपयोगी पडतात, असा माझा अनुभव आहे.

आता माझे गुडघे साथ देत नाहीत. तेव्हा मंडळाच्या कार्यकारिणीच्या परवानगीने एक विनंती करतो. ज्यांना महिन्यातून एखादी सकाळ देता येईल त्यांनी आरतीनंतर मंडपातल्या टेबलावरच्या वहीत आपले नाव लिहावे. मराठी येत असलेच पाहिजे असे नाही. ऑफिसातले हिंदी, पंजाबी, तमिळ मित्रही चालतील. विघ्नहर्त्याच्या दारात दहा दिवस आपण रांगेने उभे राहतोच. उरलेल्या दिवसांतली एखादी पहाट अन्सारीनगरच्या रांगेत दिली तर श्रींनाही ती सेवा पावेल, अशी माझी श्रद्धा आहे.

गणपती बाप्पा मोरया!