शस्त्र खाली ठेवण्याचे धैर्य

निजामी जुलूम सोसलेल्या नांदेड-लातूरला गोव्याचे अखेरचे पोर्तुगीज गव्हर्नर-जनरल वासालो ई सिल्वा यांचे चरित्र परके वाटू नये. १८९९ साली जन्मलेल्या या सेनानीस डिसेंबर १९६१ मध्ये हुकूमशहा सालाझारने विजय अथवा मरण, एवढेच दोन मार्ग ठेवले. आपल्या सैनिकांचे व्यर्थ बलिदान व गोव्याचा विध्वंस त्यांनी नाकारला. १९ डिसेंबरला शरणागती पत्करली. मायदेशी अवहेलना वाट्यास आली. १९६३ मध्ये सैन्यातून बडतर्फी झाली. १९७४ मध्ये लष्करानेच ती राजवट उलथली, तेव्हा गेलेली प्रतिष्ठा परतली. १९८५ मध्ये ते निवर्तले. ते परसत्तेचे रखवालदार होते, हे आम्ही विसरत नाही. परंतु धन्याच्या हट्टापेक्षा माणसांचे प्राण मोलाचे मानणाऱ्या शत्रूसही आम्ही वंदनीय मानतो.