संत जोसेफ कालासांझ: गोरगरिबांच्या मुलांचे पंतोजी

देवळाचा महोत्सव आला म्हणजे वेदी, भिंती, घंटा ह्यांची आठवण सर्वांस होते. परंतु आपल्या बहुतेक धर्मग्रामांत देवळाला लागूनच शाळा उभी असते, आणि तिची घंटा देवळाच्या घंटेइतकीच आपल्या कानांच्या ओळखीची असते. गरिबाच्या मुलाने पाटी घेऊन त्या शाळेत जावे, व फी देता येत नाही म्हणून कोणी त्यास दारातून परत लावू नये, ही गोष्ट आज आपणांस साहजिक वाटते. ती नेहमीच तशी नव्हती. ती साहजिक व्हावी म्हणून ज्यांनी आपला देह झिजविला, व उतारवयात ज्यांच्या वाट्यास त्यापायी मोठी मानहानी आली, त्या संत जोसेफ कालासांझ ह्यांचे चरित्र ह्या शुभप्रसंगी आम्ही वाचकांपुढे थोडक्यात ठेवीत आहो.

स्पेन देशातील आरागोन प्रांतात पेराल्ता दे ला साल ह्या लहानशा गावी १५५७ साली जोसेफ ह्यांचा जन्म झाला. वडील लोहारकाम करीत व गावचा कारभारही पाहत. मुलगा बुद्धिमान निघाला. लेरिदा, वालेन्सिया व आल्काला येथे त्यांनी विद्याभ्यास केला, आणि १५८३ साली त्यांस गुरुदीक्षा मिळाली. पुढे काही वर्षे स्वदेशी बिशपांच्या हाताखाली जबाबदारीची कामे करून १५९२ साली ते रोम शहरी आले. येण्याचा हेतू साधा व मानवी होता: आपल्या प्रांतात एखादे मानाचे धर्मपद मिळावे, त्यासाठी खटपट करावी, व काम झाले की परतावे. कार्डिनल कोलोन्ना ह्यांच्या वाड्यात त्यांची राहण्याची सोय झाली. काही महिन्यांसाठी आलेला हा पाहुणा पुढे ५६ वर्षे रोममध्येच राहिला, आणि तेथेच त्याने देह ठेवला.

असे का झाले? रोममध्ये गरिबांच्या घरी जाऊन त्यांची विचारपूस करणारी एक मंडळी होती. तिचे सभासद होऊन फादर जोसेफ शहराच्या पेठापेठांतून हिंडू लागले. अंधाऱ्या खोल्या, आजारी बाया, कामाच्या शोधात दिवस घालविणारे बाप, हे सर्व त्यांनी पाहिले. परंतु त्यांच्या काळजाला घर पाडले ते रस्त्यांवर मोकाट भटकणाऱ्या मुलांनी. भीक, जुगार, चोरी व शिवीगाळ हीच त्यांची शाळा. ह्या मुलांना आज दिलेली भाकरी उद्या पुरणार नाही. विद्या मात्र जन्मभर पुरेल, अशी त्यांची खात्री झाली. त्याबरोबरच धर्मशिक्षणही हवे. ह्या दोन गोष्टींची फारकत त्यांनी कधी केली नाही.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रोममध्ये शाळा नव्हत्या असे नाही. प्रत्येक पेठेत नगरसभेकडून थोडासा पगार मिळणारे पंतोजी होते. पण पगार तुटपुंजा असल्यामुळे ते मुलांकडून फी घेत, आणि निर्धन मुले बाहेर राहत. फादर जोसेफ प्रथम नगरसभेकडेच गेले. पंतोजींचा पगार वाढवा, म्हणजे ते गरिबांस फुकट शिकवितील, अशी त्यांनी विनंती केली. ती मान्य झाली नाही. मोठमोठ्या धर्मसंघांची दारे ठोठावून पाहिली, तेथेही निराशाच झाली. ज्याला त्याला हे काम दुसऱ्या कोणाचे तरी आहे असे वाटत होते. तेव्हा ते आपलेच आहे, असे ह्या परदेशी धर्मगुरूंनी ओळखले.

टायबर नदीपलीकडील त्रास्तेवेरे ही रोममधील गरिबांची वस्ती. तेथील संत दोरोथिया देवळाचे वृद्ध धर्मगुरू आंतोनियो ब्रेंदानी ह्यांनी देवळालगतच्या दोन खोल्या दिल्या व स्वतः शिकवावयास बसले. १५९७ च्या नोव्हेंबरात तेथे शाळा सुरू झाली. आधुनिक युरोपातील पहिली मोफत सार्वजनिक शाळा ती हीच, असे पुष्कळ इतिहासकार मानतात. ती एका धर्मग्रामाच्या दोन खोल्यांत जन्मली, हे आपण धर्मग्रामवासी जनांनी विसरू नये.

१५९८ च्या नाताळात टायबरला भयंकर पूर आला. फादर जोसेफ शाळेची काळजी वाहत असतानाच पूरग्रस्तांच्या सेवेस धावले. १६०० साली शाळा नदी ओलांडून शहरात आली, आणि १६१२ साली संत पांतालेओ देवळाजवळ तिला कायमचे घर मिळाले. तोवर विद्यार्थ्यांची संख्या हजाराच्या घरात गेली होती. आपले विद्यार्थी व उत्पन्न जाणार ह्या भीतीने पेठांच्या पंतोजींनी ओरड केली. पोप आठवे क्लेमेंट ह्यांनी दोन कार्डिनलांस तपासणीस पाठविले. ते शाळा पाहून संतुष्ट झाले, व पोपमहाराजांनी तिला द्रव्यसाहाय्यही केले.

ह्या शाळांची रीत त्या काळी नवीनच होती. मुलांच्या तयारीप्रमाणे वर्ग पाडलेले असत. आरंभी वाचन, मग सुंदर हस्ताक्षर व हिशेब, म्हणजे मुलास एखाद्या पेढीवर वा दुकानात पोट भरता यावे. ज्यांना पुढे शिकावयाचे त्यांच्यासाठी लॅटिन. ख्रिस्ती मुलांबरोबर यहुदी मुलांसही प्रवेश मिळे. शाळा सुटली की शिक्षक मुलांच्या रांगा करून त्यांना घरापर्यंत पोचवीत, कारण वाटेतील धोके फादर जोसेफ ओळखून होते. ते स्वतः वर्ग झाडीत, मुलांच्या लेखण्या तासून देत. शाळेची घंटा टांगताना शिडीवरून पडून त्यांचा पाय मोडला होता.

१६१७ साली त्यांच्या शिक्षकांचा व्रतस्थ संघ स्थापन झाला, व १६२१ साली त्यास पूर्ण धर्मसंघाची मान्यता मिळाली. रोमच्या नगरसभेने जी मागणी नाकारली होती तिचे फळ पाहून आता इतर नगरांतून शाळेसाठी बोलावणी येऊ लागली. इटलीबाहेर मोराव्हिया व पोलंडपर्यंत शाळा गेल्या. गरीब शिकले तर कष्टाची कामे कोण करणार, असे विचारणारे पुष्कळ होते. तत्त्वज्ञ कांपानेल्ला ह्यांनी त्यांस उत्तर देणारा ग्रंथच लिहिला. गॅलिलिओ शिक्षा भोगून अंध झाले असता संघातील एक शिक्षक त्यांच्या सेवेस होता, व त्यास कालासांझ ह्यांची संमती होती.

आता दुःखाचा भाग. संघ भराभर वाढला, पण माणसे तितकी पारखून घेतली गेली नाहीत. एका वजनदार घराण्यातील शिक्षकाविरुद्ध मुलांशी गैरवर्तनाची तक्रार आली असता त्या घराण्याच्या भिडेने प्रकरण दाबले गेले, आणि त्यास मोठ्या हुद्द्यावर दुसरीकडे धाडण्यात आले, असे अलीकडील संशोधनावरून दिसते. संतांच्या हातूनही चूक होते, आणि मुलांच्या बाबतीतील चूक फार महाग पडते. तोच मनुष्य पुढे संघाचा प्रमुख होऊन बसला. त्याआधी संघातीलच दुसऱ्या एकाने खोटे आरोप केल्यामुळे १६४२ च्या ऑगस्टात पंचाऐंशी वर्षांच्या कालासांझ ह्यांस कैद्याप्रमाणे रोमच्या भर रस्त्यातून धर्मन्यायासनापुढे नेण्यात आले. ते निर्दोष सुटले, तरी १६४३ साली त्यांचा अधिकार काढून घेण्यात आला. आणि १६४६ साली पोप दहावे इनोसंट ह्यांनी संघाचा दर्जाच काढून घेतला. डोळ्यांदेखत आयुष्याचे काम मोडले. पण त्यांनी कोणास शाप दिला नाही. उरलेल्या शिक्षकांना ते पत्रांतून धीर देत राहिले, आणि शाळा बंद पडू देऊ नका, हीच विनवणी करीत राहिले. २५ ऑगस्ट १६४८ रोजी संत पांतालेओ येथे त्यांनी देह ठेवला.

बी मात्र मेले नव्हते. १६५६ साली संघ पुन्हा उभा राहिला, १६६९ साली त्यास पूर्वीचा दर्जा परत मिळाला. १७६७ साली कालासांझ ह्यांस संतपद देण्यात आले, आणि १९४८ साली पोप बारावे पायस ह्यांनी त्यांस सर्व ख्रिस्ती लोकशाळांचे आश्रयदाते ठरविले.

रोमच्या नगरसभेने जे नाकारले ते आपल्या देशात हळूहळू कायद्यात आले. १९१८ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांस सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करण्याची मुभा मिळाली, आणि २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाचा मोफत शिक्षणाचा हक्क मान्य केला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना त्या कायद्याच्या बंधनातून वगळले. कायदा आपणांस वगळो वा धरो, संत जोसेफ ह्यांचा प्रश्न आपणांस चुकत नाही: आपल्या शाळेच्या दारातून कोणाचे मूल परत जात आहे काय? आणि जे आत आले, ते सुखरूप आहे काय?

महोत्सवाचे दिवे विझल्यावर ह्या दोन प्रश्नांची उत्तरे आम्ही सर्वांनी मिळून द्यावयाची आहेत. त्या कामी संत जोसेफ कालासांझ आपणां सर्वांसाठी विनंती करोत.