विश्लेषण : लंडन ते डार्विन… अ‍ॅमी जॉन्सन यांना साडेएकोणीस दिवस का लागले?

ताशी ९०० किलोमीटर वेगाचे जेट विमान लंडन ते ऑस्ट्रेलियातील डार्विन हे सुमारे १३,९०० किलोमीटरचे सरळ अंतर साडेपंधरा तासांत कापू शकते. १९३० मध्ये अ‍ॅमी जॉन्सन याच प्रवासाला एकट्या निघाल्या, तेव्हा त्यांना साडेएकोणीस दिवस लागले.

अ‍ॅमी जॉन्सन कोण होत्या?

इंग्लंडमधील हल शहरातल्या मासळी व्यापाऱ्याच्या घरात १९०३ मध्ये त्यांचा जन्म झाला. अर्थशास्त्राची पदवी घेऊन त्या लंडनमध्ये सॉलिसिटरच्या कार्यालयात टायपिस्ट झाल्या. १९२९ मध्ये त्यांनी वैमानिकाचा आणि त्याच वर्षी विमान देखभालीचा परवाना मिळवला. वडील आणि तेल उद्योजक लॉर्ड वेकफिल्ड यांच्या मदतीने सेकंड हँड ‘जिप्सी मॉथ’ विमान घेतले. त्याला वडिलांच्या व्यापारचिन्हाचे, ‘जेसन’ हे नाव दिले. तोवरचे त्यांचे सर्वांत लांबचे उड्डाण होते लंडन ते हल!

अंतर इतके कसे वाढले?

५ मे १९३० रोजी त्यांनी क्रॉयडनहून उड्डाण केले. छोट्या टाकीमुळे इंधनासाठी वारंवार उतरावे लागे. म्हणून मार्ग व्हिएन्ना, इस्तंबूल, बगदाद, कराची, अलाहाबाद, कोलकाता, यांगून, सिंगापूर असा वळणावळणाचा होता. अंतर झाले सुमारे १७,७०० किलोमीटर. ताशी १३५ किलोमीटर वेगाने, न थांबता गेल्यास यालाही साडेपाचच दिवस लागले असते.

मग उरलेले दिवस कुठे गेले?

मुक्कामात, दुरुस्तीत आणि वादळात. सहाव्या दिवशी कराची गाठून त्यांनी इंग्लंड-भारत प्रवासाचा विक्रम केला. पुढे इंधन संपत आल्याने झाशीत लष्कराच्या परेड मैदानावर उतरावे लागले, पंखाला इजा झाली. यांगूनजवळ इन्सीन येथे विमान खड्ड्यात जाऊन पंखा मोडला. दुरुस्तीत जवळपास तीन दिवस गेले. बर्ट हिंकलर यांचा १९२८ मधील साडेपंधरा दिवसांचा विक्रम तिथेच हातचा गेला. तरीही २४ मे रोजी त्या डार्विनला उतरल्या. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटीने विमान नेणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

शेवटचे उड्डाण कोणते?

दुसऱ्या महायुद्धात त्या लष्करी विमाने तळांवर पोहोचवत. ५ जानेवारी १९४१ रोजी ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डजवळच्या तळाकडे त्या निघाल्या. प्रवास फार तर दीड तासाचा. पण हवामान खराब होते. सुमारे साडेतीन तासांनी, मार्गापासून दूर, थेम्स नदीच्या मुखाशी विमान समुद्रात कोसळले. त्यांना वाचवण्यासाठी उडी घेतलेले नौदल अधिकारी वॉल्टर फ्लेचर यांचाही मृत्यू झाला. अ‍ॅमी यांचा मृतदेह सापडला नाही.

अंतराला वेगाने भागले की प्रवासाचा वेळ कळतो, हे कागदावर खरे. त्या हिशेबात हवामान धरलेले नसते. ‘जेसन’ आज लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे.