कलकत्त्यातील प्रश्नकर्ता गुरू

तरुणांस बिघडविल्याचा व देवतांस न मानल्याचा आरोप येऊन अथेन्स नगरीत इ. स. पूर्व ३९९ मध्ये सॉक्रेटिसाला विषाचा पेला प्यावा लागला. हेन्री डिरोझिओ यांचे चरित्र वाचताना त्याचे स्मरण होते. १८०९ मध्ये कलकत्त्यात जन्मलेले हे ख्रिस्ती तरुण सतराव्या वर्षी तेथील हिंदू कॉलेजात शिक्षक झाले. ईश्वराविषयी ह्यूमच्या शंका ते मांडीत, तसेच रीड व स्ट्युअर्ट यांनी केलेले खंडनही मांडीत. निर्णय मात्र शिष्यांवर सोपवीत. आपल्या पाठशाळांतही पूर्वपक्ष असाच सांगतात, परंतु सिद्धान्त सांगितल्यावाचून गुरू उठत नाहीत. मला उणे वाटते ते एवढेच.

काही शिष्यांनी कुलाचार टाकले, घरोघर कलह माजला. एप्रिल १८३१ मध्ये चालकांनी त्यांना दूर करण्याचे ठरविले व डिरोझिओंना पद सोडावे लागले. मातापित्यांची आज्ञा मोडण्यास ते शिकवितात, हाही एक आक्षेप होता. वस्तुतः पित्याच्या वागणुकीला कंटाळून घर सोडू पाहणाऱ्या दक्षिणारंजन मुखर्जी या शिष्यास त्यांनीच परावृत्त केले होते. तसे त्यांनी संस्कृतज्ञ विल्सनसाहेबांना पत्रातून कळविलेही. पण निर्णय फिरला नाही. त्याच वर्षी २६ डिसेंबरला, अवघ्या बाविसाव्या वर्षी, पटकीने त्यांचा अंत झाला. अखेरच्या आजारात शिष्यांनी त्यांची शुश्रूषा केली. त्यांत दक्षिणारंजनही होते.