ब्लेझ पास्कल: ब्रेकच्या मास्टर सिलेंडरमागचा माणूस

तुमच्या बाईकला डिस्क ब्रेक असेल तर हँडलवर, लिव्हरच्या शेजारी एक छोटी डबी दिसते. तिला लागूनच असतो मास्टर सिलेंडर. कारमध्ये तो बॉनेटखाली, पेडलच्या समोर असतो. दोन बोटांनी लिव्हर ओढला की दीडशे किलोची गाडी थांबते, ती त्याच्यामुळे. यामागचा नियम ज्याने मांडला, त्याने आयुष्यात मोटारगाडी पाहिली नव्हती. त्याचं नाव ब्लेझ पास्कल.

कर अधिकाऱ्याचा मुलगा

पास्कलचा जन्म 19 जून 1623 रोजी फ्रान्समधल्या क्लेरमाँ गावी झाला. तो तीन वर्षांचा असतानाच आई गेली. वडील एतिएन यांनी त्याला शाळेत न पाठवता घरीच शिकवलं. सोळाव्या वर्षी त्याने भूमितीवर असा निबंध लिहिला की पॅरिसचे जाणकार चकित झाले.

पुढे वडिलांना रूआँ शहरात करवसुलीचं काम मिळालं. रात्र रात्र बेरजा करणाऱ्या वडिलांना पाहून एकोणिसाव्या वर्षी, म्हणजे 1642 मध्ये, त्याने दातेरी चाकांचं गणनयंत्र बनवायला घेतलं. तेच पुढे पास्कलाईन म्हणून ओळखलं गेलं. तब्येत मात्र तेव्हापासूनच ढासळली. पोटदुखी आणि डोकेदुखीने त्याची पाठ शेवटपर्यंत सोडली नाही.

हवा आणि पाणी

हवेला वजन असतं का, हा त्या काळचा मोठा वाद होता. पास्कलने विचार केला: हवा खरंच दाब देत असेल, तर डोंगरावर तो कमी भरायला हवा. स्वतःची तब्येत बरी नव्हती आणि डोंगर गावाकडे होता, म्हणून त्याने थोरल्या बहिणीचे यजमान फ्लोराँ पेरिए यांना कामाला लावलं. 19 सप्टेंबर 1648 रोजी ते पाऱ्याची नळी घेऊन प्युई द डोम डोंगर चढले. माथ्यावर पारा सुमारे 8 सेंटिमीटर खाली आला होता. आज बऱ्याच स्मार्टफोनमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. तो आकडा हेक्टोपास्कलमध्ये दाखवतो, तो याच पास्कलच्या नावाने.

मग तो द्रवांकडे वळला. बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोहोचतो, हे त्याने मांडलं. भांड्याला दोन तोंडं ठेवा, एक दुसऱ्याच्या शंभरपट मोठं. मग लहान दट्ट्यावर एका माणसाने लावलेला जोर मोठ्या दट्ट्यावरच्या शंभर माणसांच्या जोराची बरोबरी करतो.

पण फुकट काही मिळत नाही, हेही त्याने ओळखलं होतं. लहान दट्ट्या जितका सरकतो, त्याच्या शंभराव्या भागाइतकाच मोठा सरकतो. म्हणून ब्रेकचा लिव्हर बराच आत येतो आणि पॅड केसभर हलतात.

अर्धवट सुटलेलं काम

23 नोव्हेंबर 1654 च्या रात्री त्याला खोल धार्मिक अनुभव आला. तो त्याने कागदावर लिहून कोटाच्या अस्तरात शिवून ठेवला आणि शेवटपर्यंत जवळ बाळगला. त्यानंतर विज्ञान मागे पडलं. द्रवांवरचा ग्रंथ तसाच राहिला.

तरी शेवटच्या वर्षी त्याने एक भन्नाट गोष्ट केली. 18 मार्च 1662 पासून पॅरिसमध्ये ठरलेल्या मार्गाने, ठरलेल्या वेळी धावणाऱ्या भाड्याच्या घोडागाड्या सुरू झाल्या. भाडं फक्त पाच सू. आजच्या सिटी बसची ही पणजीच! पाच महिन्यांनी, 19 ऑगस्टला तो गेला. वय अवघं 39. द्रवांवरचा ग्रंथ 1663 मध्ये छापला गेला.

तो नियम मोटारीपर्यंत यायला अडीचशेहून जास्त वर्षं लागली. 1921 मध्ये अमेरिकेत ड्यूझेनबर्ग कंपनीच्या मॉडेल ए गाडीत चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक आले.

तुमच्या गाडीत काय बघायचं?

पास्कलचा नियम एका अटीवर चालतो: भांडं बंद हवं आणि आत फक्त द्रव हवा. द्रव जवळपास दबत नाही, हवा दबते. मास्टर सिलेंडरची सगळी काळजी याच अटीसाठी असते.

- डबीतलं ब्रेक ऑइल मिन आणि मॅक्स खुणांच्या मध्ये हवं. ते कमी झालं तर नुसतं भरू नका. पॅड झिजलेत की गळती आहे, ते आधी बघा.
- डॉट 3 आणि डॉट 4 ऑइल हवेतला ओलावा शोषतं. मग ते कमी तापमानाला उकळतं. घाट उतरताना आत वाफ झाली की पेडल पोकळ लागतं. म्हणून साधारण दोन वर्षांनी किंवा मॅन्युअलप्रमाणे ऑइल बदला. झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच वापरा. इंजिन ऑइल चुकूनही टाकू नका, रबरी सील फुगून खराब होतात.
- गाडी उभी करून पेडल सारखं दाबून धरा. ते हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठेच ओल नसेल, तर सिलेंडरच्या आतले सील गेले असण्याची शक्यता जास्त. अशी गाडी चालवू नका. मेकॅनिक किट टाकेल किंवा सिलेंडरच बदलेल.
- नवा सिलेंडर बसवण्याआधी त्यात ऑइल भरून आतली हवा काढतात. बसवल्यावर प्रत्येक चाकाच्या ब्रेकमधून बुडबुडे थांबेपर्यंत पुन्हा हवा काढावी लागते. हे काम अर्धवट झालं तर नवा पार्टही निरुपयोगी. पेडल कडक लागतंय ना, हे गॅरेजमधून निघण्याआधी स्वतः दाबून बघा.